दोन शेपटांचं वर्ष

पायपीट मंडळात रांगेच्या शेवटी चालणाऱ्या माणसाला शेपूट म्हणतात, आणि हा शब्द तिथे कुणी हसून उच्चारत नाही. त्याला कारण आहे. मंडळ नवीन होतं तेव्हा एक सभासद बुटाची नाडी बांधायला वाटेत एका दगडावर टेकला. बाकीची मंडळी गप्पा मारत डोंगर उतरली, चहा प्यायली आणि आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलेल्यांना तो त्याच दगडावर सापडला. नाडी व्यवस्थित बांधलेली होती आणि तोंडाचा पट्टा सुटला होता. तेव्हापासून नियम झाला: शेवटी एक माणूस नेमायचा, त्याला लाल जाकीट आणि शिटी द्यायची, आणि काय वाटेल ते झालं तरी त्याच्या मागे कुणी राहता कामा नये. खाली गाडीपाशी पोचल्यावर त्याने लांब शिटी मारायची आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "माझ्या मागे कोणी नाही." मगच थर्मासची झाकणं उघडायची. तोवर घोटभर चहा नाही, कुणाचा घसा कितीही कोरडा पडो.

हे काम कित्येक वर्षं ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे शेपूटराव म्हणत. खरं नाव मंडळात कुणालाच आठवत नव्हतं, आणि सही करताना कधीकधी त्यांनाही क्षणभर थांबावं लागे. नोकरी बस डेपोत, हरवलेल्या सामानाच्या खोलीत. तिकिटाच्या खिडकीमागे एक बिनखिडकीची खोली, छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे आणि एक अख्खी कवळी. ती कवळी ते दर सोमवारी धुऊन ठेवत. न जाणो, मालक आला तर त्याला बरं वाटावं.

घरात ते धाकटे. सदरा सगळ्या भावांच्या अंगावरून उतरत उतरत यांच्यापर्यंत येई तेव्हा त्याला कॉलर उरलेली नसे. गरम पाणी संपलं की यांची आंघोळ. घरातल्या प्रत्येक फोटोत कडेला जो अर्धा कान दिसतो तो यांचा. अशा माणसाला मंडळाने लाल जाकीट घालून शेवटी उभं केलं आणि त्यांच्या जन्माचं सोनं झालं. बाहेर कुठेही शेवटी उभं राहिलं की लोक सरका म्हणत. इथे शेवटी आलं की सगळी रांग चहाच्या आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. ते मुद्दाम थोडं थांबत, घसा खाकरत आणि मगच ते वाक्य म्हणत. त्या एका वाक्यावर त्यांचा अख्खा महिना निघे.

त्या वर्षीची पहिली सहल कालव्याच्या काठाने होती. शेपूटराव इस्त्री केलेलं जाकीट घालून आले आणि बघतात तो काय, गाडीपाशी आणखी एक लाल जाकीट उभं. वर भरघोस मिशा. जाकिटात होते त्यांचे व्याही. शेपूटरावांच्या मुलीचे सख्खे सासरे.

"अरे वा, व्याहीबुवा!" शेपूटराव म्हणाले. "आपण इकडे कसे?"

"मुलगा म्हणाला, घरात बसून राहू नका, चार माणसांत जा. म्हणून आलो."

"उत्तम केलंत. आणि हे जाकीट?"

"मला शेपूट म्हणून घेतलंय ना," व्याही म्हणाले.

शेपूटरावांच्या पायाखालची जमीन सरकली. व्याही म्हणजे गावचे बँडमास्तर. हातात चांदीच्या मुठीची काठी, छाती पुढे, आणि मागे अख्खा बँड. जन्मभर मिरवणुकीच्या पुढे चाललेला माणूस. "बँडमास्तरने मागे बघितलं की बँड बिघडतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागच्या वर्षी त्यांची बायको गेली आणि त्यांनी काठी कपाटात ठेवली, एवढं शेपूटरावांना ठाऊक होतं. पण म्हणून यांनी थेट शेपटावर यावं?

त्यांनी चिटणीसांना बाजूला घेतलं. चिटणीसांचं गालिच्यांचं दुकान होतं आणि जन्मात त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

"अहो, हा काय प्रकार आहे?"

"तुम्हाला काढलेलं नाही हो," चिटणीस घाम पुसत म्हणाले. "त्यांना फक्त घेतलंय. इतक्या कळवळून म्हणाले, मला शेवटीच चालू द्या. माझ्याच्याने नाही म्हणवेना."

"पण शेवटचे दोघं कसे असतील?"

"तेवढा विचार केला नाही बघा."

मंडळाच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दोघांनाही जबडा बघावा तसं नीट बघितलं आणि निकाल दिला, "वर्षभर दोघंही चाला. वर्षअखेरच्या सभेत एक ठेवू आणि एक उपटू. थोडं दुखेल."

दुसरा कुणी असता तर शेपूटरावांनी सरळ दोन हात केले असते. पण मुलीच्या सासऱ्याशी कसं भांडणार? मग त्यांच्या लक्षात आलं की भांडायची गरजच नाही. व्याह्यांना मान द्यायचा म्हणजे पुढेच घालायचं!

"आधी आपण," ते कमरेत वाकून म्हणाले.

"छे छे, भलतंच! आधी आपण," बँडमास्तरही वाकले. त्यांनाही मान देता येत होता.

काठाचा रस्ता रुंद होता, त्यामुळे दोघं खांद्याला खांदा लावून चालले, नाकं एका रेषेत. पुढे कालव्यावर एक लोखंडी साकव आला, जेमतेम एका माणसाचा. बाकीची मंडळी पलीकडे गेली. हे दोघं अलीकडे.

"व्हा पुढे, व्याहीबुवा."

"आपल्यापुढे मी? शक्य आहे का?"

बराच वेळ असं चाललं. सायकल हातात धरून एक बाई मागे येऊन थांबली होती. ती म्हणाली, "जाणार आहात की इथेच राहायला आलात?" शेवटी दोघांनी साकव आडवा ओलांडला, पोटाला पोट लावून, खेकड्यासारखा. पलीकडे पोचल्यावर दोघांनीही एकदम शिटी मारली. बँडमास्तरांची शिटी खणखणीत, सुरात, शेवटी एक गिरकी घेऊन संपणारी. शेपूटरावांची नुसतीच फुर्र. ते त्यांना फार लागलं.

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शेपूट घालणारे पुरुष पुष्कळ बघितले. शेपटासाठी भांडणारे पहिल्यांदाच बघतेय."

"अगं, प्रश्न इभ्रतीचा आहे."

"मग इभ्रतीला जरा साबण लावा. जाकीट बघा, साकवाच्या गंजाने कसं माखलंय."

पुढच्या सहलीला डोंगर होता आणि शेपूटराव तयारीने गेले. लांबलचक नाड्यांचे बूट त्यांनी मुद्दाम सैल बांधले होते. पहिल्याच चढावर ते नाडी बांधायला बसले. म्हणजे आता व्याह्यांना पुढे जाणं भाग. पण बँडमास्तरांच्या बुटात त्याच क्षणी खडा गेला. त्यांनी बूट काढला, झटकला, आत डोळा लावून बघितलं, पुन्हा झटकला. यांनी दुसरी नाडी सोडली. त्यांनी दुसरा बूट काढला. दोघं समोरासमोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले आणि रांग डोंगरापलीकडे दिसेनाशी झाली.

खाली गाडीपाशी मंडळी खोळंबली. थर्मास भरलेले, झाकणं बंद. शोधायला माणसं पाठवायचं ठरलं, तेवढ्यात कुणाला तरी नियम आठवला: शेपूट नसेल तर तुकडी निघू शकत नाही, आणि शेपटं तर दोन्ही वरच अडकलेली. मग डॉक्टरीणबाईंनी चिटणीसांच्या गळ्यात लाल रुमाल बांधला आणि त्यांना हंगामी शेपूट केलं. नाही म्हणायची सवय नसल्याने चिटणीस तयार झाले. तुकडी वर गेली, दोघं सापडले, सगळे आनंदाने परत वळले. आणि आता वाटेवर तीन शेपटं उभी.

"मी हंगामी असलो तरी नियम नियम आहे," चिटणीस हात जोडून म्हणाले. "माझ्या मागे कुणी राहायचं नाही."

"आमच्याही!" दोघं व्याही एका सुरात म्हणाले. वर्षातलं त्यांचं हे पहिलं एकमत.

शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः धापा टाकत वर आल्या, तिघांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि बालवाडीतल्या पोरांसारखं आडवं चालवत खाली आणलं. चहा पाण्यासारखा गार झाला होता. मंडळातली माणसं शेपूटरावांकडे पहिल्यांदाच रागाने बघत होती, आणि ते त्यांना आवडलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. बँडमास्तर सारखे मागे वळून बघत. दहा पावलं टाकली की मान मागे. झाडं, दगड, रिकामी वाट, पुन्हा पुढे. ज्या माणसाने जन्मात मागे बघितलं नाही त्याच्या मानेला हे कसलं खूळ?

"मागे काय बघता?" त्यांनी एकदा विचारलं. "आपल्या मागे कुणी नसतं. म्हणून तर आपण शेपूट."

"असंच आपलं," बँडमास्तर म्हणाले आणि पुन्हा बघितलं.

मधल्या एका महिन्यात वाऱ्याने झाडं पडली, म्हणून सहल शाळेच्या हॉलमध्ये झाली. होकायंत्र बघत चालायला शिकायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी फरशीवर खडूने मोठा गोल काढला आणि सगळ्यांना त्यावरून फिरवलं. दुसऱ्या फेरीत शेपूटरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. गोलात कुणीच शेवटी नसतं! किंवा बघाल तसं, प्रत्येक जण शेवटी असतो. त्यांनी व्याह्यांकडे बघितलं, व्याह्यांनी यांच्याकडे, आणि दोघंही लहान मुलासारखे हसले. वर्तुळाच्या दोन बाजूंना दोघं समाधानाने चालत राहिले. बाकीची मंडळी चक्कर येऊन खुर्च्यांवर बसली तरी यांच्या फेऱ्या चालूच. शेवटी शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवत आला.

पण मंडळ काही कायम हॉलमध्ये चालणार नव्हतं. शेपूटरावांनी नवी युक्ती काढली. वाटेत काहीतरी टाकायचं, मग ते आणायला मागे जायचं. मागे गेलेला माणूस आपोआप शेवटचा. साधं आहे. नदीकाठच्या सहलीला त्यांनी टोपी टाकली. "अरेच्चा, टोपी राहिली!" म्हणून ते मागे वळले, तर बँडमास्तर हजर. "आपल्याला एकटं कसं सोडू?" दोघं परत गेले तेव्हा टोपी जागेवर नव्हती. कुणा भल्या माणसाने ती उचलून बस डेपोत, हरवलेल्या सामानाच्या खोलीत नेऊन दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूटरावांनी ती टोपी स्वतःच ताब्यात घेतली, चिठ्ठी लावली आणि फळीवर ठेवली.

"टोपी कुठाय?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"ऑफिसात जमा आहे."

"मग घेऊन या की!"

"अशी कशी आणणार? मालकाला ओळख पटवावी लागते. आत काही खूण आहे का, कधी हरवली, कुणी साक्षीदार..."

"अहो, तुमचीच टोपी ना ती?"

"असं सगळेच म्हणतात," शेपूटराव गंभीरपणे म्हणाले. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. टोपी वर्षभर फळीवर राहिली, कवळीच्या शेजारी.

मग एका रविवारी मुलीने दोन्हीकडच्या मंडळींना जेवायला बोलावलं. नवीन सोफा आला होता, तो बघायला. शेपूटराव आणि त्यांची बायको इमारतीखाली पोचले तेव्हा बँडमास्तर पाव घेऊन येत होते. तिघं लिफ्टमध्ये शिरले. मजला आला. बायको बाहेर पडली.

"चला, आधी आपण," शेपूटराव म्हणाले.

"घर माझं, पाहुणे आपण. आधी आपण."

"मुलीच्या सासरी मी पुढे?"

दार लागलं आणि लिफ्ट वर गेली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आत दोघंही वाकलेले, "आधी आपण" चालूच, दार लागलं, लिफ्ट तळमजल्यावर गेली. शेजारची म्हातारी भाजीची पिशवी घेऊन आत शिरली आणि तीही दोनदा वरखाली झाली. शेवटी मुलीने दारात चप्पल अडकवली, बापाचं मनगट धरून त्यांना बाहेर ओढलं आणि थेट स्वयंपाकघरात नेलं.

"बाबा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"मी कुठे? तुझे सासरेच..."

"सासूबाई कशा गेल्या, माहीत आहे ना?"

"हार्ट."

"हार्ट तर झालंच. पण कशा?" ती ओट्याला टेकून उभी राहिली. आवाज खाली आणला. "बाजारातून येत होते दोघं. हे नेहमीसारखे पुढे, ताडताड. त्या मागे, पिशवी घेऊन. चाळीस वर्षं तशाच चालल्या. हे घरी आले, कुलूप काढलं, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'पाणी दे गं.' मागे कुणी नव्हतंच, बाबा. त्या दोन गल्ल्या मागे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. लोक जमले होते. 'तिने हाक मारली होती का?' एवढंच हे विचारत राहतात. मला विचारतात. मी तिथे होते का?"

कुकरची शिटी झाली. तिने गॅस बारीक केला.

शेपूटरावांना आधी व्याह्यांची ती सारखी वळणारी मान आठवली. पण खोटं कशाला सांगा, त्याच्या मागोमाग दुसराही विचार आला: मग माझं काय? मी त्या जाकिटाशिवाय कोण? फोटोच्या कडेचा अर्धा कान! आणि असल्या वेळी असला विचार आल्याची त्यांना इतकी लाज वाटली की जेवण झाल्यावर कुणी न सांगता त्यांनी सगळी भांडी घासून टाकली. बाहेर सोफ्यावर बँडमास्तर एका टोकाला बसले होते. दाराकडे बघत.

त्यानंतरच्या सहलींना शेपूटराव नाड्या घट्ट बांधून येऊ लागले. मागेच राहत होते, हक्क सोडला नव्हता. मनात मात्र रोज भांडण. द्यावं म्हटलं की जाकीट आठवे. ठेवावं म्हटलं की ते 'पाणी दे गं'.

वर्षाची शेवटची सहल मनोऱ्याच्या डोंगरावर होती. उतरल्यावर खाली गाडीपाशीच सभा आणि एका शेपटाची उपटणी. शेपूटरावांनी आदल्या दिवशी जाकीट धुऊन दोरीवर टाकलं तेव्हा बायको नुसती बघत राहिली, बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे तिलाही कळलंय, हे त्यांना कळलं.

वर मनोऱ्यापाशी डबे खाऊन मंडळी उतरायला लागली. वाट अरुंद, एकीकडे चढ, एकीकडे घळ. रांग पुढे गेली आणि नेहमीप्रमाणे दोघं उरले.

"आधी आपण," बँडमास्तर म्हणाले.

"बरं," शेपूटराव म्हणाले आणि चालू लागले.

बँडमास्तर इतके चकित झाले की जागेवरून हललेच नाहीत. मग त्यांच्या बुटांचा आवाज मागून यायला लागला, एक दोन, एक दोन, पलटणीसारखा. शेपूटरावांना पाठ उघडी पडल्यासारखं वाटत होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या मागे कधी कुणी चाललेलं नव्हतं. डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीने पुसले आणि स्वतःला चार शिव्या दिल्या. दर वळणावर ते मागे बघत. बँडमास्तरही मागेच बघत असत, त्यामुळे यांना दिसे ती नुसती त्यांच्या डोक्याची मागची बाजू.

एका वळणावर त्यांनी बघितलं तर वाट रिकामी.

शेपूटराव उलट वाटेने पळत सुटले. बस चुकणाऱ्यांना त्यांनी जन्मभर बघितलं होतं, पण असं पळताना कुणाला नाही. बँडमास्तर वाटेच्या कडेला एका खड्ड्यात बसले होते. घोटा टरारून सुजला होता.

"कसे पडलात?"

"मागे बघत होतो."

"अहो, मागे कुणी नव्हतं!"

"बघितल्याशिवाय कसं कळणार?"

शेपूटरावांनी त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "पण शिटी होती ना गळ्यात? मारायची होती!"

बँडमास्तरांनी शिटी बोटात फिरवली. "मारणार होतो. पण वाटलं, तुम्हाला ऐकू नाही गेली तर? तुम्ही पुढे. ऐकू येत नाही हो पुढे. मला माहीत आहे."

शेपूटराव मटकन खड्ड्याच्या काठावर बसले. "मला शिटी लागतच नव्हती," ते म्हणाले. "मी दर वळणाला मागे बघत होतो."

"कशाला?"

"काय माहीत. सवय नाही ना पुढे चालायची."

मग बँडमास्तरांनी नाक शिंकरलं आणि एकदम कामाचं बोलायला लागले. "तुम्ही पुढे जाऊन माणसं आणा. मी शेपूट आहे, मला मागे ठेवलेलं नियमात बसतं."

"नियम गेला खड्ड्यात."

"खड्ड्यात मी आहे."

"म्हणूनच म्हणतो, बसा पाठीवर."

बँडमास्तर म्हणजे काही काडी नव्हे. त्यांना पाठीवर घेतल्यावर शेपूटरावांचे डोळे बाहेर आले, कंबर कळवळली आणि पहिल्या चार पावलांत दोघंही घळीत जाता जाता राहिले. "डावा," बँडमास्तर कानाशी म्हणाले. "उजवा. डावा. तालात चाललं की वजन लागत नाही." वजन चांगलंच लागत होतं, पण पाय सरळ पडायला लागले. मधूनमधून बँडमास्तर पाठीवर मान वळवून बघत आणि खबर देत. "मागे कोणी नाही." दहा पावलं. "अजून नाही." शेपूटरावांना हसू येत होतं आणि दमही लागत होता.

खाली मंडळी थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. झाडीतून एकावर एक अशी दोन लाल जाकिटं बाहेर आली तेव्हा काही जण उठून उभे राहिले. चिटणीसांच्या तोंडून "आता हे काय?" एवढंच निघालं.

"शिटी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नियम म्हणजे नियम.

शेपूटरावांना श्वास पुरत नव्हता. "मला ते वाक्य म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "माझ्या मागे हे आहेत."

"मागे कुठे? वर आहेत," कुणीतरी म्हणालं.

"पाठीवर म्हणजे मागेच!"

"पण दोघं एकदमच पोचले की!"

लगेच वाद पेटला. एवढा नाजूक मुद्दा मंडळापुढे कधी आला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं.

"यांना आधी खाली उतरवायचं का?" चिटणीसांनी विचारलं.

"अजिबात नाही! उतरवलं की पुरावा गेला," त्या म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून दोघांभोवती फिरल्या. पुढून बघितलं, बाजूने बघितलं, मागून बघितलं. शेपूटरावांचे पाय लटलट कापत होते. "पुढे पोट कुणाचं? यांचं. मागे पाठ कुणाची? त्यांची. म्हणजे सगळ्यांत शेवटी पोचली ती त्यांची पाठ. शेपूट तेच. कुणाची हरकत?"

सगळ्यांनी शेपूटरावांकडे बघितलं. लाल जाकिटातला शेवटचा क्षण. त्यांना आतून ओरडावंसं वाटत होतं.

"माझी नाही," ते म्हणाले. "आता कृपा करून उतरवा."

बँडमास्तरांना गाडीतली घडीची खुर्ची काढून तिच्यात बसवलं. त्यांनी शिटी ओठांना लावली, वळून वाटेकडे बघितलं आणि बघतच राहिले. झाडी, दगड, उन्हं उतरलेली रिकामी वाट. एरवी चहासाठी जीव टाकणारी मंडळी, पण कुणी चुळबूळ केली नाही. मग त्यांनी शिटी मारली. गिरकी नव्हती तिच्यात. नुसतीच फुर्र.

"माझ्या मागे," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, "माझ्या मागे कोणी राहिलेलं नाही."

झाकणं उघडली. शेपूटरावांनी जाकीट काढून त्याची घडी केली आणि ते कुठे ठेवावं हे न कळून मांडीवर घेऊन बसले. त्यांना वाईट वाटत होतं, चांगलंच वाईट वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्ही शेपटाच्या पुढे चालायचं. आणि दर वळणाला मागे बघायचं. ही जागा नवीन आहे, हिला अजून नाव नाही."

संध्याकाळी बँडमास्तरांना मुलीच्या घरी पोचवलं. घोट्याला पट्टी बांधून झाली, सोफ्यावर पाय ठेवून झाला. शेपूटरावांची बायको तिथेच आली होती. दोघं घरी निघाले. शेपूटराव पुढे, ती मागे. कोपऱ्यावर ते थांबले.

"काय झालं? कंबर धरली का?"

"नाही. तू हो पुढे."

"मी? आणि दार कोण उघडणार? किल्ली तुमच्याकडे आहे."

शेपूटरावांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. तिने एकदा किल्लीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पुढे झाली. ती झपाझप चालत होती. ती इतकी झपाझप चालते हे त्यांना माहीतच नव्हतं. तिने कुलूप काढलं, चपला काढल्या आणि मागे न बघता आत जात विचारलं, "पाणी हवंय का?"

"हो! हो! आहे मी! मागेच आहे!" शेपूटराव उंबऱ्यातून ओरडले.

"अहो, ओरडता कशाला?" आतून ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."